पत कागदाची की माणसाची?

(व्यापारी आणि ग्राहक यांच्यापुढे जळगाव येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

खानदेशातील कोणत्याही जुन्या दुकानाचा इतिहास त्याच्या गल्ल्यामागील भिंतीवर वाचता येतो. आजोबांच्या काळात त्या भिंतीवर पाटी असे, 'आज रोख, उद्या उधार'. वडिलांच्या काळात तिच्या शेजारी दुसरी पाटी आली, 'चेक वटल्यावर माल मिळेल'. काही वर्षांनी तिच्या जागी अधिक रोखठोक मजकूर लागला, 'चेक स्वीकारले जाणार नाहीत'. आणि आता नातवाच्या काळात भिंतीवर काहीच लिहिलेले नसते. गल्ल्याजवळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन उभा असतो आणि पैसे जमा झाल्याचे एक यंत्र मोठ्याने सांगते. जळगावचा सराफ बाजार असो, फुले मार्केट असो वा धुळ्याचा आग्रा रोड असो, चित्र सर्वत्र सारखेच आहे.

या बदलाकडे केवळ सोयीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. परंतु पैसे देण्याची पद्धत बदलते तेव्हा देणारा आणि घेणारा यांच्यातील नातेही बदलते. 'उद्या उधार' म्हणणारी पाटी थट्टेची होती; प्रत्यक्षात त्याच दुकानात अर्ध्या गावाची खाती असत. 'चेक वटल्यावर माल' म्हणणारा दुकानदार ग्राहकाला नकार देत नव्हता, थांबायला सांगत होता. ठिपक्यांच्या चौकोनाला मात्र ना ओळख लागते, ना थांबणे. धनादेश दुकानाच्या उंबरठ्याबाहेर का गेला, त्याच्याबरोबर काय गेले आणि जे गेले त्यातील काय राखले पाहिजे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हुंडीचा वारसा

कागदावर लिहून पैसे फिरविणे ही इंग्रजांनी शिकविलेली विद्या आहे, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. तो चुकीचा आहे. मौर्यकाळात 'आदेश' नावाचा लेख प्रचारात होता आणि त्यायोगे सावकाराला तिसऱ्या व्यक्तीस रक्कम देण्यास सांगितले जाई, असे अभ्यासक सांगतात. मराठेशाहीत सरकारी देणे भागविण्यासाठी महसुलावर 'वराता' दिल्या जात. आणि व्यापाऱ्यांचा सारा कारभार हुंडीवर चाले. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा जुना व्यापारी मार्ग खानदेशातून जात असे. त्या वाटेवर चोर-लुटारूंचे भय असताना थैलीभर नाणी नेण्यापेक्षा एक कागद नेणे शहाणपणाचे होते.

त्या कागदाची शिस्त पाहण्यासारखी होती. पाहताक्षणी रक्कम द्यावयाची ती दर्शनी हुंडी. ठरलेल्या मुदतीनंतर द्यावयाची ती मुदती हुंडी. माल सुखरूप पोहोचला तरच जिचे पैसे द्यावयाचे ती जोखमी हुंडी. म्हणजे एकाच कागदात व्यापारही आला आणि विमाही आला. हुंडी हरवली तर 'पेठ' मिळे, तीही हरवली तर 'परपेठ'. पैसे चुकते झालेल्या हुंडीला 'खोखा' म्हणत. खाडाखोड करून कुणी रक्कम वाढवू नये म्हणून ती अंकांत लिहीत, अक्षरांत लिहीत आणि वर 'याची निम्मी इतकी, तिची दुप्पट द्यावी' असेही लिहीत. आज धनादेशावर रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोन्ही प्रकारे लिहावी लागते. आपल्या सराफांनी तोच सावधपणा त्याहून एक पायरी पुढे नेला होता.

या साऱ्यांत 'शाहजोग' हुंडी विशेष मननीय आहे. तिचे पैसे वाटेल त्याला मिळत नसत. बाजारात ज्याची प्रतिष्ठा आहे अशा 'शाहा'मार्फतच ती वटे. कागद कितीही खरा असला तरी त्याच्यामागे प्रतिष्ठित माणूस उभा राहिल्यावाचून त्याला मोल नव्हते. नरसी मेहतांनी द्वारकेच्या शामळशा शेठवर हुंडी लिहिली आणि ती प्रत्यक्ष भगवंतांनी वटविली, ही कथा गुजरात-खानदेशाच्या घराघरांत सांगितली जाते. भक्तीची कथा म्हणून ती गोड आहेच. पण हुंडी न वटणे ही केवढी नामुष्की समजली जाई, हेही तिच्यातून कळते. देवाला धावून यावे लागले, इतकी.

१८८१ साली इंग्रज सरकारने चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला. धनादेश, वचनचिठ्ठी आणि विनिमयपत्र यांना त्याने एका चौकटीत बसविले. परंतु देशी भाषांतील दस्तऐवजांविषयीच्या स्थानिक रूढींना या कायद्याचा बाध येणार नाही, असेही त्याच कायद्याच्या पहिल्या कलमात नमूद करावे लागले. परक्या राज्यकर्त्यालाही येथील पेढ्यांची रीत मोडता आली नाही, याची ही लेखी कबुलीच होय.

धनादेशाचे दिवस

धनादेश मध्यमवर्गीय घरात आला तो बराच उशिरा. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पाठोपाठ तालुक्यांच्या गावी बँकांच्या शाखा निघाल्या. खानदेशात नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँका यांचेही जाळे पसरले. शाळेतील शिक्षक, रेल्वेतील कर्मचारी, कचेरीतील कारकून यांच्या घरातील कपाटात, दागिन्यांच्या डबीशेजारी, एक चेकबुक विराजमान झाले. धनादेशावर सही करणे हा घरातील कर्त्या माणसाचा मानाचा विधी असे. मुले शेजारी उभी राहून पाहत. सही जुळली नाही तर धनादेश परत येईल, म्हणून सही करताना वडिलांचा हात किंचित सावध होई.

त्या लहानशा विधीत एक मोठा संस्कार होता. खात्यात किती आहे, हे पाहिल्यावाचून सही करता येत नसे. चेकबुकाच्या मागे राहणाऱ्या पट्टीवर कुणाला, किती, कशासाठी हे लिहून ठेवावे लागे. महिनाअखेरीस पासबुकाशी ताळा घ्यावा लागे. खर्च होण्याआधी तो मनात एकदा होऊन जाई. आज बोटाच्या एका स्पर्शाने होणाऱ्या खर्चाला हा विसावा उरलेला नाही.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने धनादेशाचे महत्त्व आणखी निराळे होते. सुरतेचे कापड, मालेगावचे लुगडे, इंदूरचा किराणा हा सारा माल खानदेशातील दुकानदार उधारीवर उचलतो. माल आज, धनादेश आज, परंतु धनादेशावरील तारीख दीड-दोन महिन्यांनंतरची. पुढील तारखेचा धनादेश हे छोट्या दुकानदाराचे बिनतारणाचे कर्जच होते. हा व्यवहार चाले तो सहीच्या विश्वासावर.

सही कशी बुडाली

मग धनादेशाची पत का गेली? कागदात दोष नव्हता. दोष सही करणाऱ्या हातात शिरला. खात्यात पैसे नसताना धनादेश लिहून देणे ही पूर्वी लाजेची गोष्ट होती. हळूहळू ती युक्ती झाली. 'चेक देऊन वेळ मारून नेली' हे वाक्य लोक हसत हसत सांगू लागले, त्या दिवशी धनादेशाचा ऱ्हास सुरू झाला.

कायद्याने उपाय केला नाही असे नाही. १८८१च्या कायद्यात नवे प्रकरण घालून १ एप्रिल १९८९पासून कलम १३८ लागू झाले आणि पुरेशी रक्कम नसल्याने धनादेश न वटणे हा फौजदारी गुन्हा ठरला. २००२च्या दुरुस्तीने शिक्षेची कमाल मर्यादा एक वर्षावरून दोन वर्षांवर नेली. दंड धनादेशाच्या दुपटीपर्यंत होऊ शकतो. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात तक्रार दाखल करावी, अशी ही पायऱ्यापायऱ्यांची वाट आहे.

वाट आखली गेली. पण वाटेवर गर्दी एवढी झाली की चालणेच खुंटले. विधी आयोगाने २००८च्या आपल्या २१३व्या अहवालात अशा प्रलंबित खटल्यांची संख्या ३८ लाखांहून अधिक असल्याचे नोंदविले. २०१९च्या अखेरीस देशातील प्रलंबित २ कोटी ३१ लाख फौजदारी खटल्यांपैकी ३५ लाख १६ हजार खटले केवळ न वटलेल्या धनादेशांचे होते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली या विषयाची स्वतःहून दखल घेऊन दिलेल्या निकालात नमूद आहे. फौजदारी न्यायालयातील जवळजवळ दर सातवा खटला हा मोडलेल्या वचनाचा होता! २०१८ साली न्यायालयाला अंतरिम भरपाई देवविण्याचा अधिकार मिळाला. परंतु ती धनादेशाच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंतच.

खटला कोठे भरावा हाही एक घोळ होता. ऑगस्ट २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, धनादेश ज्या बँकेवर काढला आहे, त्या बँकेच्या गावी खटला चालावा. म्हणजे दूरच्या शहरातील खरेदीदाराने धुळ्याच्या व्यापाऱ्याला बुडविले, तर धुळ्याच्या व्यापाऱ्याने त्या शहरातील न्यायालयात खेटे घालावेत! २०१५च्या दुरुस्तीने हे पालटले आणि पैसे घेणाऱ्याचे खाते जेथे आहे तेथील न्यायालयाला अधिकार मिळाला. पण तोवर पुष्कळांचा धीर सुटला होता.

दुकानदाराचे गणित साधे असते. धान्याच्या वा किराण्याच्या घाऊक धंद्यात शेकडा दोन रुपये सुटले तरी समाधान मानावे लागते. अशा धंद्यात पन्नास हजारांचा एक धनादेश बुडाला, तर तो तोटा भरून काढण्यासाठी पंचवीस लाखांची विक्री निव्वळ श्रमदान म्हणून करावी लागते. शिवाय बँकेचा दंड, वकिलाची फी, तारखांना जाणारा दिवस हे सारे निराळेच. ज्याने 'चेक स्वीकारले जाणार नाहीत' ही पाटी लावली त्याला माणुसकी नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती पाटी त्याने पोळलेल्या हाताने लावली होती.

नवी वाट

त्या पोळलेल्या हाताला नवे साधन मिळाले. रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस सेवा २००४ साली आणि एनईएफटी २००५ साली सुरू झाली. २००८ साली राष्ट्रीय देयक महामंडळाची, म्हणजे एनपीसीआयची, स्थापना झाली. २०१२ साली रुपे हे भारतीय कार्ड आले. ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआयचा प्रारंभ झाला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली आणि डिसेंबरअखेर भीम ॲप आले. १ जानेवारी २०२०पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवर दुकानदाराला शुल्क द्यावे लागेनासे झाले. त्याबरोबर चहाच्या टपरीपासून सोन्याच्या पेढीपर्यंत सर्वत्र तो ठिपक्यांचा चौकोन पोहोचला. ऑगस्ट २०२५मध्ये एका महिन्यातील यूपीआय व्यवहारांनी दोन हजार कोटींचा टप्पा ओलांडला.

या साऱ्या इतिहासात खानदेशाचे एक मानाचे पान आहे. देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिले गेले. १९९८पर्यंत हा सारा भाग धुळे जिल्ह्यातच मोडत होता. ज्या ओळखक्रमांकाच्या आधारे पुढे कोट्यवधी गरिबांची बँकखाती उघडली गेली, त्याची सुरुवात सातपुड्याच्या छायेतील एका खेड्यात झाली.

ही व्यवस्था भारतीयांनी उभी केली, याचा अभिमान योग्यच आहे. परंतु अभिमानाबरोबर जागरूकताही हवी. आज देशातील बहुतांश यूपीआय व्यवहार दोनच ॲपमधून होतात आणि त्या दोन्हींमागे परदेशी भांडवल आहे. रूळ आपले आणि त्यावर धावणाऱ्या बहुतेक गाड्या दुसऱ्याच्या, ही स्थिती स्वदेशीचा विचार करणाऱ्यांनी दृष्टीआड करू नये. भीम ॲप उपलब्ध असताना ते किती घरांत वापरले जाते, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःच्या घरी विचारावा.

धनादेश मात्र संपलेला नाही. त्याने केवळ जागा बदलली आहे. २०१२-१३ साली देशात सुमारे १३१ कोटी धनादेश वटले. २०२३-२४ साली ही संख्या सुमारे ६६ कोटींवर, म्हणजे निम्म्यावर आली. परंतु या ६६ कोटी धनादेशांची एकूण रक्कम ७२ लाख कोटी रुपयांहून अधिक होती. सरासरी एका धनादेशामागे एक लाखाहून जास्त. याचा अर्थ असा की, धनादेश किराणा आणि कापड यांच्या दुकानातून निघाला आणि जमीन, बांधकाम, संस्था व मोठे व्यापारी देणे यांच्या कचेरीत जाऊन बसला.

आणखी एक विसंगती पाहण्यासारखी आहे. ज्या संथपणामुळे धनादेश बदनाम झाला, तो संथपणा आता जवळजवळ उरलेला नाही. एकेकाळी जळगावचा धनादेश धुळ्याला वटण्यास आठवडा लागे. अंतर शंभर किलोमीटरच्या आतले! पुढे धनादेश प्रत्यक्ष न फिरता त्याचे चित्र फिरू लागले. २०२१च्या आरंभापासून पन्नास हजार व त्यावरील धनादेशांची माहिती आधी बँकेला कळवून ठेवण्याची सोय झाली. ४ ऑक्टोबर २०२५पासून सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत भरलेले धनादेश त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत निकाली काढण्याची पद्धत सुरू झाली. धनादेश वेगवान झाला तो दुकानाचे दार बंद झाल्यानंतर.

मागे कोण राहिले?

सज्जनहो, आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. निवृत्त शिक्षक आहेत, वय पंच्याहत्तरच्या पुढे. आखाजी जवळ आली आहे. नातीच्या लग्नासाठी दोन बांगड्या घ्याव्यात म्हणून ते पत्नीसह सराफाकडे जातात. चाळीस वर्षे त्याच पेढीत त्यांचे येणे-जाणे. बांगड्या ठरतात. मास्तर खिशातून चेकबुक काढतात. गल्ल्यावरचा नवा मुलगा अदबीने, पण ठामपणे म्हणतो, "बाबा, चेक घेत नाही. मोबाईल आहे ना?" मोबाईल आहे, पण तो साध्या बटनांचा. दोन लाख वा त्याहून अधिक रोख एकाच व्यवहारात स्वीकारण्यास २०१७पासून कायद्याने बंदी आहे आणि एवढी रोकड बाळगण्याचे मास्तरांचे वयही नाही. मास्तर चेकबुक पुन्हा खिशात ठेवतात. बांगड्या मुलगा आल्यावर घेऊ, असे म्हणून दोघे उठतात.

या प्रसंगात कुणीही वाईट वागलेले नाही. तरीही काहीतरी तुटले आहे. ज्या माणसाची सही चाळीस वर्षे कधी परत आली नाही, त्याला आज स्वतःच्या पैशासाठी मुलाची वाट पाहावी लागते. लबाडांच्या सह्यांची शिक्षा प्रामाणिकाच्या सहीला मिळाली.

दुसरे उदाहरण शेतकऱ्याचे. त्याच्या बाबतीत प्रश्न उलटा आहे. मास्तरांना धनादेश देता येत नाही; शेतकऱ्याच्या गळ्यात तो मारला जातो. रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यातील केळी उत्तरेच्या बाजारपेठांत जाते. घड कापला की थांबता येत नाही. फळ दोन-चार दिवसांत गाडीत चढलेच पाहिजे. अशा घाईत माल जातो आणि हाती येतो तो धनादेश, किंवा नुसता शब्द. नोटाबंदीनंतर शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील कांद्याच्या बाजारांत चुकारे धनादेशाने होऊ लागले आणि न वटलेल्या धनादेशांच्या तक्रारी घेऊन शेतकरी बाजार समित्यांच्या दारात उभे राहिले. शहरातला दुकानदार ज्या कागदाला हात लावीत नाही, तोच कागद शेतकऱ्याने मात्र डोळे मिटून घ्यावा, हा कुठला न्याय?

तिसरे उदाहरण कोऱ्या धनादेशाचे. दुकानात धनादेश चालत नाही. पण कर्ज देणाऱ्याला मात्र तो हवा असतो, आणि तोही कोरा, केवळ सही केलेला. गरजू माणूस चार-पाच धनादेशांवर सह्या करून देतो. पुढे कर्ज फिटले तरी कागद परत येत नाहीत आणि भलती रक्कम भरलेला धनादेश बँकेत दाखल होतो. सही केलेला कोरा धनादेश म्हणजे घराची किल्ली परक्याच्या हाती देणे होय.

चौथे उदाहरण संस्थांचे. देवस्थान, शाळा, वाचनालय, गृहनिर्माण संस्था, ग्रामपंचायत यांच्या व्यवहारात दोन सह्या लागतात. दोन सह्या म्हणजे दोन साक्षी. एकाचा पाय घसरला तर दुसरा सावरेल, ही त्यामागची योजना. एकाच्या मोबाईलवरून, एकाच्या बोटाने होणारा व्यवहार या योजनेत बसत नाही. म्हणून लहान संस्थांना धनादेश अजूनही जवळचा वाटतो आणि दुकानदाराने तो नाकारला की शाळेच्या खडू-फळ्यासाठी मुख्याध्यापक आधी स्वतःच्या खिशातून पैसे देतात.

परदेशातील धडा

जगात अन्यत्र काय घडले, हे पाहणे बोधप्रद ठरेल. डेन्मार्कच्या बँकांनी २०१७पासून धनादेश वटविणे थांबविले. दक्षिण आफ्रिकेत २०२०च्या अखेरीस तो बंद झाला. इंग्लंडमध्ये मात्र वेगळेच घडले. तेथे डिसेंबर २००९मध्ये बँकांच्या देयक परिषदेने जाहीर केले की, ऑक्टोबर २०१८मध्ये धनादेश कायमचा बंद होईल. मोठ्या दुकानांनी तर तो आधीच नाकारायला प्रारंभ केला होता. परंतु वृद्ध, सेवाभावी संस्था आणि छोटे व्यावसायिक यांनी विचारले, 'आमच्यासाठी पर्याय कोणता?' या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देता आले नाही. जुलै २०११मध्ये परिषदेला आपला निर्णय मागे घ्यावा लागला.

भारतातही नोव्हेंबर २०१७मध्ये चेकबुक बंद होणार अशी आवई उठली होती. तेव्हा असा कोणताही प्रस्ताव नाही, असा खुलासा अर्थमंत्रालयाने केला. सरकारने धनादेश बंद केलेला नाही, करण्याचे योजलेलेही नव्हते. बाजाराने तो परस्पर बंद केला. सरकारने बंद केला असता तर चर्चा झाली असती, मुदत मिळाली असती, पर्याय मागता आला असता. बाजाराच्या निर्णयाला तारीख नसते आणि दादही नसते. म्हणूनच येथे समाजाने स्वतः लक्ष घालणे अगत्याचे ठरते.

करावयाचे काय?

धनादेश पुन्हा दुकानात आणा, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. हुंडी गेली, धनादेश आला. तो मागे पडला, दुसरे आले. साधने बदलत राहणारच. आग्रह हवा तो साधन बदलताना माणूस मागे न राहण्याचा.

पहिले काम व्यापाऱ्यांचे. ज्येष्ठ आणि परिचित ग्राहकांसाठी एक मार्ग खुला ठेवावा. धनादेश घ्यावा, तो वटल्यावर माल घरपोच करावा. आता धनादेश पुष्कळदा त्याच दिवशी निकाली निघत असल्याने मास्तरांच्या बांगड्या फार तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पोहोचतील. यात जोखीम नाही; थोडी तसदी आहे. आणि चाळीस वर्षांच्या संबंधांसाठी तेवढी तसदी फार नाही.

दुसरे काम घरातील तरुणांचे. आजी-आजोबांचे व्यवहार स्वतःच्या मोबाईलवरून उरकून देणे ही सेवा खरी, पण अपुरी. त्यांना ते स्वतः करता यावे, ही खरी सेवा. साध्या बटनांच्या फोनवरूनही पैसे पाठविण्याची सोय मार्च २०२२पासून आहे. ती अनेकांना ठाऊकच नाही. शिकविताना एक सूत्र मात्र मनावर ठसवावे: पैसे देताना गुप्त क्रमांक लागतो, घेताना कधीही लागत नाही. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. धनादेश थांबविण्यास एक दिवस हाती असे. येथे हाती मिनिटे असतात.

तिसरे काम शेतकऱ्यांसाठी. काटा झाल्याबरोबर चुकारा थेट खात्यात, हा दंडक बाजार समित्यांनी काटेकोर पाळावा आणि गावातील कार्यकर्त्यांनी त्यावर लक्ष ठेवावे. आरटीजीएस व एनईएफटी आता रात्रंदिवस, सुटीच्या दिवशीही चालतात. 'बँक बंद होती' ही सबब उरलेली नाही. धनादेश घेणे भागच पडले तर हिशेबपट्टी जपून ठेवावी. धनादेशाची मुदत २०१२पासून सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली आहे, हे ध्यानी ठेवावे आणि तो परत आला तर नोटिशीचे तीस दिवस हातचे जाऊ देऊ नयेत.

चौथे काम सर्वांचेच. सही केलेला कोरा धनादेश कुणालाही देऊ नये आणि कुणाकडून मागूही नये. हप्त्यासाठी खात्यातून आपोआप वळती होण्याची मान्यता द्यावी. ती रक्कम खात्यात नसेल तर २००७च्या देयक व्यवस्था कायद्याखाली धनादेशाप्रमाणेच दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे कागद गेला तरी वचनाचे उत्तरदायित्व कायद्याने जागेवर ठेवले आहे.

पत

कायदा मात्र शेवटी कायदाच. पस्तीस लाख खटले हे कायद्याचे अपयश आहे, त्याहून अधिक ते समाजशीलाचे अपयश आहे. दागिन्याच्या शुद्धतेसाठी आज हॉलमार्क सक्तीचा आहे आणि ते योग्यच आहे. परंतु सहीवर हॉलमार्क उमटविणारे केंद्र कोणतेही सरकार उघडू शकत नाही. ते केंद्र घरात असते. मुलाने पाहिलेले असते की वडिलांनी दुकानदाराची उधारी पगाराच्या दिवशी आधी चुकती केली आणि मगच घरी पेढे आणले. तेथे तो ठसा उमटतो.

खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला सुरू होते. कागद नसतो, साक्षीदार नसतो; मालक आणि सालदार यांच्यात शब्द होतो आणि त्यावर वर्ष निघते. दिवाळीला व्यापारी नव्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक काढतो आणि 'शुभ-लाभ' लिहितो. आज पुष्कळ पेढ्यांवर वहीच्या शेजारी संगणकही पूजेला मांडलेला असतो. त्यात वावगे काही नाही. मात्र 'शुभ' हा शब्द 'लाभ' या शब्दाच्या आधी लिहिण्याची रीत पूर्वजांनी घालून दिली आहे, तो क्रम कोणत्याही यंत्रावर उलटा होऊ नये.

यंत्र सांगते, पैसे जमा झाले. माणूस विश्वासू आहे की नाही, हे यंत्र सांगत नाही. ते शेजारी सांगतात, बाजार सांगतो, चाळीस वर्षांची खातेवही सांगते. पुढच्या आखाजीला एखादे मास्तर चेकबुक घेऊन पेढीची पायरी चढतील, तेव्हा गल्ल्यावरच्या मुलाने आधी मोबाईल आहे का, असे विचारू नये. आधी त्यांना बसायला सांगावे आणि मग आपल्या वडिलांना विचारावे, 'यांचे खाते किती जुने?'